मा. राष्ट्रपती, नवी दिल्ली ११०००४

सकाळी ७.२०

शटर अर्ध्यावर अडकतं. अण्णा खाली वाकतात, खांदा लावतात आणि ते वर ढकलतात. ग्रीस मारायला माणूस बोलावला तर तीनशे घेतो. खांदा फुकट आहे.

दुकान दहा बाय आठचं. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या स्टँडवरून चालत पाच मिनिटं. भाडं महिना १,८००. पाटीवर लिहिलंय, 'टायपिंग, झेरॉक्स, सर्व प्रकारचे अर्ज'. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं यंत्र आणि कोपऱ्यात रेक्झिनच्या खोळीत गोदरेजचा मराठी टाइपरायटर. तो चालू आहे. रिबन मिळत नाही, एवढंच.

अण्णा केर काढतात, पाणी शिंपडतात, यमाईच्या फोटोला उदबत्ती लावतात. मग टोनर बघतात. रिफिलला ३५० पडतात. हजारभर पानं झाली की उजवी कड फिकी पडायला लागते. लगेच रिफिल करायची नसते. कार्ट्रिज बाहेर काढायचं, दोन्ही हातांत आडवं धरायचं आणि धान्य पाखडल्यासारखं हलवायचं. अजून शंभर पानं निघतात. अण्णा हलवतात. काळी पूड बोटाला लागते, ती पायजम्याला पुसली जाते. पायजम्याची उजवी मांडी म्हणूनच कायम राखाडी.

सकाळी ८.००

शाळेची पोरं. आधारची झेरॉक्स, बँक पासबुकची झेरॉक्स, दाखल्याची झेरॉक्स. पान दोन रुपये. चिल्लर बरणीत. एका मुलीला वडिलांचं स्वयंघोषणापत्र हवंय. तयार नमुना आहे, नाव बदललं की झालं. वीस रुपये.

यात बोलण्यासारखं काही नाही. बोलण्यासारखं गिऱ्हाईक नऊनंतर येतं.

सकाळी ९.१०

नांदोशीकडचे एक पाव्हणे. पन्नाशीचे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लॅमिनेट केलेला कागद. खुर्चीवर बसायच्या आत तो टेबलावर ठेवतात.

"राष्ट्रपती भवनाचा हाय," ते म्हणतात.

कागद खरा आहे. त्यांचा अर्ज पोहोचला आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी राज्य शासनाकडे पाठवला, असं चार ओळींत लिहिलंय. पाव्हण्यांनी तो तीस रुपये देऊन लॅमिनेट करून घेतला आणि भावकीत दाखवला. शेतात जायचा रस्ता चुलत भावानं चर खणून बंद केलाय. बैलगाडी जात नाही, ट्रॅक्टर जात नाही. ऊस तोडायला आला तर बाहेर काढायचा कसा?

"आता दुसरा लिवा," ते म्हणतात. "जरा कडक. येक डाव त्यांनी सांगितलं की चर बुजलाच म्हणून समजा."

अण्णा या अर्जांना 'वरचा अर्ज' म्हणतात. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री यांना जाणारा तो वरचा. तहसीलदार, बीडीओ, फौजदार यांना जाणारा तो खालचा. दर एकच, साठ रुपये. पान तेवढंच लागतं.

"चर कधी खणला?"

"चार म्हैनं झालं."

अण्णा चष्मा काढतात. मग एका पाठकोऱ्या कागदावर वरून खाली घरं काढतात. राष्ट्रपती सचिवालय. मंत्रालय. जिल्हाधिकारी. तहसीलदार. मंडल अधिकारी. तलाठी. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण अण्णांच्या कागदावर तलाठीच.) पाव्हण्यांचा अर्ज या शिडीनं उतरतोय. सध्या तो मधल्या कुठल्या तरी पायरीवर, 'अहवाल मागवला आहे' या शेऱ्याखाली बसलाय. उतरून शेवटी येणार वडूजच्या तहसील कार्यालयातच. पाव्हण्यांच्या घरापासून ते एसटीच्या एका तिकिटावर आहे.

आणि खरी अडचण वेगळीच. शेताचा अडवलेला रस्ता खुला करायचा तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. कलम ५. अधिकार तहसीलदाराचा. रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, पण आजही चर त्यानंच बुजतो.

"म्हणजे दोन म्हैनं ऱ्हायलं?"

"दोन राहिले."

"आन् राष्ट्रपतीला ह्यो अधिकार न्हाय?"

"नाही."

पाव्हणे बराच वेळ लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बघतात. देशाचा सगळ्यात मोठा माणूस आणि त्याला चर बुजवता येत नाही, तहसीलदाराला येतो. हे कुणालाही एका बैठकीत पटणारं नाही.

"इचार करतो," म्हणून उठतात. अण्णांचे साठ रुपये गेले, शिवाय वीस मिनिटं.

सकाळी १०.४०

चार तरणी पोरं, दोन मोटारसायकली. गाव खरशिंग्याकडचं, नेमकं नाव त्यांनी सांगितलं नाही. ग्रामपंचायतीचं भांडण. सरपंच ऐकत नाही, गटाराचं काम एकाच बाजूला झालं, बिल मात्र दोन्ही बाजूंचं निघालं, असं त्यांचं म्हणणं.

"अण्णा, राष्ट्रपतींना लिहायचं. गावात राष्ट्रपती राजवट लावा म्हणून."

अण्णा हसत नाहीत. धंद्यात हसून चालत नाही. पण कीबोर्डवरून हात काढून घेतात.

राष्ट्रपती राजवट राज्याला लागते, गावाला नाही. घटनेचं कलम ३५६. महाराष्ट्रात आजवर तीनदा लागली. १९८० ला, २०१४ ला आणि २०१९ ला. शेवटची पोरांना पाठ आहे. त्यातला पुढारी म्हणवणारा लगेच म्हणतो, "बघितली की आम्ही. पहाटे पहाटे उठवली. राष्ट्रपतीनं मनात आणलं की रातोरात काम!"

अण्णांच्या मते त्या पहाटेनं लोकांचा जेवढा गैरसमज करून दिला, तेवढा दुसऱ्या कशानंही नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि दिवस उजाडल्यावर राजभवनात शपथविधी झाला. टीव्हीवर दिसली ती राष्ट्रपतींची सही. दिसलं नाही ते हे, की केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता, कामकाजाच्या नियम १२ खाली पंतप्रधानांनी शिफारस केली आणि त्या शिफारशीवर सही झाली. मंत्रिमंडळाची संमती मागाहून.

"सही कुणाची ते बघितलंस," अण्णा म्हणतात. "कागद कुणी पाठवला ते बघ."

पोरांना या वादात रस नाही. त्यांना सरपंच खाली उतरलेला बघायचाय. आता तेही सोपं राहिलेलं नाही. २०१७ पासून सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले, २०२० ला ते बंद झालं, २०२२ ला परत आलं. थेट निवडून आलेल्या सरपंचाला वाटतं आपण गावचे राजे. गावालाही तसंच वाटतं. पण एकट्याच्या सहीनं चेकसुद्धा वटत नाही, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही लागते. आणि काढायचा तर अविश्वास ठरावाला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत मतदान. पैशाचा घोळ असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३९ आहे. चौकशी होते, निर्णय विभागीय आयुक्तांचा.

"पुरावा काय आहे?"

पोरं एकमेकांकडे बघतात. पुरावा नाही. मोबाइलमध्ये गटाराचे फोटो आहेत.

मग दोन अर्ज होतात. एक गटविकास अधिकाऱ्यांना, चौकशीसाठी. दुसरा माहिती अधिकाराचा. मोजमाप पुस्तिका, बिलं, कामाचा आदेश, सगळ्याच्या छायाप्रती मागायच्या. त्याला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. अण्णा तिकिटं वडूजहून आणून ठेवतात आणि दहालाच देतात, वर रुपया घेत नाहीत. घेतला तर अख्ख्या औंधात चर्चा होते.

दोन अर्जांचे १२० रुपये चौघं वर्गणी काढून देतात. एकाकडून फोनपे, बाकी रोख.

दुपारी १२.०५

एक मावशी. डोक्यावरून पदर, पायांत प्लास्टिकची चप्पल. गोपूजहून आल्यात. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं, असं आधी सांगून टाकतात. मुलगा कोल्हापूरला, कळंब्याच्या जेलात. सात महिने झाले. गल्लीतल्या कुणी तरी सांगितलंय की राष्ट्रपतीला दयेचा अर्ज केला की सुटका होते.

"शिक्षा लागली का मावशी?"

"न्हाय बा. अजून तारखाच चालल्यात."

अण्णा हे सगळ्यात सावकाश सांगतात. दया शिक्षेला असते. घटनेत कलम ७२ आहे, राष्ट्रपती शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात. राज्यपालांना तसंच कलम १६१. पण ज्याला शिक्षाच झाली नाही, त्याला माफ काय करणार? आणि दयेच्या अर्जावरसुद्धा राष्ट्रपती एकट्यानं ठरवत नाहीत. फाइल गृहमंत्रालयातून येते, सरकारचा सल्ला लिहूनच येते. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये हे स्पष्ट करून टाकलंय. सिनेमात मात्र फाशीच्या पहाटे फोन वाजतो आणि माणूस सुटतो. मावशींना सांगणाऱ्यानं तो सिनेमा बघितलेला असणार.

मावशींना हवाय जामीन. जामीन कोर्टाकडे. वकील लावायची ऐपत नाही. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे, न्यायालयाच्या आवारातच. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ चा कायदा.

"फुकटचा वकील भांडतो का?"

याला अण्णांकडे उत्तर नाही. ते अर्ज लिहितात. अर्धं पान. मुलाचं नाव, गुन्हा क्रमांक, तारीख. मावशींनी चुरगळलेल्या कागदावर क्रमांक आणलाय, त्यातला एक आकडा तीन की आठ कळत नाही. अण्णा कागद ट्यूबलाइटखाली धरतात, मागून बघतात, शेवटी मावशींच्या फोनवरून त्यांच्या भाच्याला विचारतात. आठ. एका आकड्यानं अर्ज दुसऱ्याच पोराच्या नावावर गेला असता.

साठच्या जागी वीस घेतात. मावशी अंगठा उमटवतात, मग आठवण झाल्यासारखं म्हणतात, सही येती की मला. दुसरी प्रत काढावी लागते.

दुपारी १.१५

भाकरी, वांग्याचं सुकं, खर्डा. डबा उघडला की शेजारचे निवृत्त गुरुजी पेपर वाचायला येतात. पेपर अण्णांचा, तिखटाचा अर्धा वाटा गुरुजींचा.

आजचा विषय अर्थातच सकाळची पोरं आणि त्यांची राजवट.

गुरुजींचा मुद्दा ठरलेला. या गावात तरी लोकांनी असं बोलू नये. इथे राजा होता आणि त्यानं आपला अधिकार लिहून दिला. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक बाळासाहेब म्हणायचे. १९०९ ला गादीवर आले. चित्रं काढायचे, सूर्यनमस्काराचं वेड, डोंगरावरचं संग्रहालय त्यांचंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली ती त्यांनीच, १९१० ला, तिथे किर्लोस्करवाडी झाली. बहात्तर गावांचं संस्थान, तेही सलग नाही. इकडे औंध, तिकडे कुंडल, आटपाडी, आणि एक तुकडा पार विजापूरकडे गुणदाळला.

"आणि २१ जानेवारी १९३९," गुरुजी म्हणतात. तारीख सांगताना ते भाकरी खाली ठेवतात.

त्या दिवशी औंधची राज्यघटना लागू झाली. मसुद्यामागे महात्मा गांधी, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर आणि महाराजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. गावानं पंच निवडायचे. पंचायतींच्या अध्यक्षांनी मिळून तालुक्याचा कारभार बघायचा आणि तिथून संस्थानच्या विधिमंडळात माणसं पाठवायची. महाराज गादीवर राहिले, कारभार हातातून गेला. कुणी बंड केलं नव्हतं, इंग्रजांनी जबरदस्ती केली नव्हती. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला बिनभिंतींची कैद्यांची वसाहत निघाली. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला. पुढे ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. नऊ वर्षांचा खेळ.

"मग त्या नऊ वर्षांत लोक तक्रार घेऊन कुणाकडे जात असतील?" अण्णा विचारतात.

गुरुजी खर्डा लावून घास घेतात. "वाड्यावरच जात असतील," ते म्हणतात. "पंचायतीतल्या पंचाला ओळखत होते ना. तो काल शेजारी बसून विडी ओढत होता. त्याच्या हातात राज्य आलंय हे कोण मानणार?"

मला हे औंधच्या कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा खरं वाटलं. अर्थात गुरुजींनीही ते अंदाजानंच सांगितलं.

दुपारी २.३०

पोस्टात. दुकानाला अर्धं शटर, आत गुरुजी पेपरासकट. अण्णांकडे गिऱ्हाइकांची तीन पाकिटं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं, पण पाकिटावर लोक अजून 'रजि. ए. डी.' लिहायला लावतात. त्याशिवाय अर्जाला वजन येत नाही असं वाटतं. अण्णा लिहितात. पोस्टाला फरक पडत नाही.

तीनपैकी एक वरचा आहे. परवा एकानं हट्टानं लिहून घेतला. बदलीचा. पोरगी शिक्षिका, सासर एकीकडे, शाळा दुसरीकडे. पत्ता सोपा आहे. राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली ११०००४. बाहेर एवढं लिहिलं तरी पोहोचतं. पूर्वी मायना 'महोदय' होता. प्रतिभाताई पाटील झाल्या तेव्हा, २००७ ला, अण्णांनी तो 'महोदया' केला. जळगावच्या बाई, आपल्या भाषेतलं स्वतः वाचतील, या भरवशावर तेव्हा लोक दोन-दोन पानं लिहून घ्यायचे, एरवी एक. २०१२ नंतर परत 'महोदय'. २०२२ ला द्रौपदी मुर्मू आल्या, परत 'महोदया'. अण्णा टाइपरायटरवर असते तर प्रत्येक वेळी आठवून टंकावं लागलं असतं. आता नमुन्यात एकदा बदललं की झालं.

वजनकाटा, पावती, तिकीट. दिल्लीला पन्नास-साठ रुपये. अण्णा पावती पाकिटवाल्याच्या नावानं घडी करून खिशात ठेवतात. पावती हरवली तर शिव्या त्यांनाच.

दुपारी ३.३०

आबा. पंचाहत्तरीच्या पुढचे, धोतर, टोपी, एसटीचा मोफत पास गळ्यात लटकवलेला. त्यांची पाऊण एकर कालव्यात गेली. मोबदल्याचा एक हप्ता आला, दुसरा आला नाही. ते उभ्यानंच सांगतात, "लिवा. इच्छामरणाची परवानगी पायजे. राष्ट्रपतीला."

असा अर्ज वर्षाकाठी येतोच. पेपरात येतं, 'शेतकऱ्याची राष्ट्रपतींकडे इच्छामरणाची मागणी', आणि ते वाचून दुसरा येतो. कुणी रक्तानं लिहायचं म्हणतो. बहुतेकांना मरायचं नसतं, दखल हवी असते. पण 'बहुतेक' या शब्दावर अण्णा विसंबत नाहीत. ते खुर्ची ओढून देतात. पाणी देतात. संगणकाकडे पाठ करतात.

"जेवलासा का आबा?"

"जेवलो."

"घरात कोण हाय?"

मुलगा आहे, सून आहे. नातवाचं कॉलेज आहे. रात्री झोप लागते का? लागते म्हणतात, मग म्हणतात, लागत न्हाय. अण्णा मुलाचा नंबर घेतात आणि तिथेच लावतात. आबा औंधात आलेत, माझ्याकडं बसलेत, येऊन घेऊन जा, आज एकटं सोडू नका. आबांना हे आवडलेलं नाही. ते टोपी काढून पुन्हा घालतात.

राष्ट्रपतींना अशी परवानगी देताच येत नाही. तसा कायदाच नाही. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, निकाल मार्च २०११ मध्ये लागला. पुढे ९ मार्च २०१८ ला कोर्टानं बरं न होणाऱ्या आजारात उपचार थांबवायची मुभा दिली. ती डॉक्टरांच्या मंडळामार्फत, आणि आजारापुरती. अडकलेल्या मोबदल्याला ती लागू नाही. यातलं अण्णा आबांना एवढंच सांगतात, "राष्ट्रपतीच्या हातात ते न्हाय. पैशाचं बघू."

पैशाचं असं. जिल्ह्याला पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, कलेक्टर स्वतः बसतात. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. निवाड्याची प्रत, पहिल्या हप्त्याचं पासबुकाचं पान, सातबारा. आबांच्या पिशवीत निवाडा आहे, पासबुक घरी. अण्णा निवाड्याची झेरॉक्स काढून ठेवतात. मूळ प्रत परत पिशवीत, सुतळीनं बांधून.

चारला मुलगा येतो, मोटारसायकलवर, अंगावर गुऱ्हाळाचा वास. "आबा, काय हे," एवढंच म्हणतो. आबा मागे बसतात. जाताना अण्णांना सांगतात, "त्यो अर्ज तेवढा लिवून ठेवा."

"ठेवतो."

लिहीत नाहीत. झेरॉक्सवर पेन्सिलीनं मुलाचा नंबर आणि 'सोमवार' लिहून ड्रॉवरमध्ये टाकतात.

सायंकाळी ५.१०

अभ्यासिकेतली मुलगी. एमपीएससीच्या नोट्स, बत्तीस पानं, पाठपोट. अण्णा पानं सरळ करतात, झटकतात, ट्रेमध्ये घालतात. दमट हवेत दोन पानं एकदम ओढली जातात, म्हणून आधी कागदाची कड अंगठ्यानं फुलवून घ्यायची. रिमला अडीचशेच्या वर पडतात, एक कागद वाया गेला की अर्धा रुपया.

प्रिंट येत असताना वरचं पान अण्णा वाचतात. राष्ट्रपती.

"ताई, हे खरं सांग. सही केली नाही तर?"

ती सांगते. सल्ला मंत्रिमंडळाचा, कलम ७४. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं तो बंधनकारक झाला. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं एक सवलत दिली, एकदा फेरविचाराला परत पाठवता येतं. परत आला की मान्य करावाच लागतो. विधेयकाचं कलम १११, तिथंही परत पाठवता येतं. कलामसाहेबांनी २००६ ला लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं. संसदेनं तसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं. त्यांनी सही केली.

"आणि झैलसिंगांनी पोस्टाचं विधेयक नुसतं ठेवून दिलं. सही नाही, परतही नाही. मुदत लिहिलेली नाही ना," ती म्हणते. "१९८६."

"ड्रॉवरमध्ये."

"हां, तसंच."

अण्णा खूष होतात. "मग मी बी राष्ट्रपतीच की! गिऱ्हाइकाला एकदा सांगायचं, बाबा परत विचार कर. ऐकलं नाही तर मुकाट टाइप करायचं."

"तुम्हाला साठ मिळतात," मुलगी म्हणते. "त्यांना महिना पाच लाख." आणि राष्ट्रपती निवडायला आमदार मत देतात त्याचं मूल्य ठाऊक आहे का, म्हणून विचारते. महाराष्ट्राच्या एका आमदाराचं १७५. अण्णांना माहीत नव्हतं. आपलं किती, असं ते विचारतात. आपलं नाही, ती सांगते, आपण राष्ट्रपतीला मत देत नाही, आमदार-खासदार देतात. चौसष्ट रुपये देते, सुट्टे.

सायंकाळी ६.४५

लाइट जाते. इन्व्हर्टरवर फक्त बल्ब चालतो. अण्णा गल्ला मोजतात. अर्जांचे १४०. झेरॉक्स, प्रिंट मिळून ३४०. ऑनलाइन फॉर्म तीन, १५०. लग्नाचे बायोडाटा दोन, १००. एकूण ७३०. यातून भाड्याचे साठ, कागद, टोनर, लाइट, दोन चहा. हातात चारशे चाळीसच्या आसपास. शेतात गड्याला आज पाचशे आणि दुपारचं जेवण आहे.

लाइट येते. झेरॉक्स मशीन आपोआप गरम व्हायला लागतं.

सायंकाळी ७.१५

शटर अर्ध्यावर आलंय आणि नांदोशीचे पाव्हणे परत. सोबत थोरला मुलगा. दोघांचं दिवसभर बोलणं झालेलं दिसतं.

"लिवा तहसीलदारालाच," पाव्हणे म्हणतात. "कलम काय ते टाका. पर खाली राष्ट्रपतीचं नाव पायजे."

अण्णा शटर वर ढकलतात. कॉम्प्युटर चालू व्हायला तीन मिनिटं. मग बोटं चालतात. गट नंबर, चतुःसीमा, रस्ता किती वर्षांपासून वहिवाटीचा, चर कोणत्या तारखेला खणला. तारखेवर ते दोनदा थांबतात. मुलगा मोबाइलमधला चराचा फोटो उघडतो, फोटोवर तारीख आहे. तीच घालतात.

शेवटी टंकतात : प्रत माहितीसाठी सविनय सादर – १. मा. जिल्हाधिकारी, सातारा. २. मा. राष्ट्रपती, नवी दिल्ली.

पाव्हणे पडद्याजवळ वाकतात. "दोन नंबरला?"

अण्णा माउसनं ओळ उचलून वर नेतात. जिल्हाधिकारी दोन नंबरला.

"आता बरं हाय."

तीन प्रती. साठ अधिक जादा प्रतीचे पाच. दिल्लीचं पोस्ट उद्या, त्याचे वेगळे. "तहसीलदाराची प्रत तुम्ही हातानं द्यायची," अण्णा मुलाला सांगतात, पाव्हण्यांना नाही. "पोच घ्यायची. पोचेवर शिक्का बघ, तारीख बघ. शिक्का नसेल तर हलायचं नाही."

मुलगा मान हलवतो. पाव्हणे शंभराची नोट देतात. सुट्टे तीसच निघतात. पाच रुपये उद्यावर राहतात.